जर्मनीला जायच्या आधी दातांच्या खुर्चीबद्दल बोलू

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत इंजिनिअर, मूळ गाव कोल्हापूरजवळ. स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीकडून वर्षाला ५८,००० युरोची ऑफर आली आहे. बायको बीडीएस, म्हणजे दातांची डॉक्टर, पिंपरीत स्वतःचं छोटं क्लिनिक. मुलगी पहिलीत. गावी आई-वडील धाकट्या भावाजवळ राहतात, वडिलांची दोन वर्षांपूर्वी बायपास झाली आहे. जावं का, आधी एकट्याने जावं का, क्लिनिक विकावं का, आणि आई-वडिलांचं काय?

मी मिरजेची. २००९ साली नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले. गेली बारा वर्षं स्टुटगार्ट परिसरात नव्याने येणाऱ्या कुटुंबांना घर शोधून देणं, नोंदणीला सोबत जाणं, मुलांच्या शाळा लावून देणं हेच माझं काम आहे. पैसे मला कंपन्या देतात. म्हणजे माणूस यावा आणि टिकावा यात माझाही स्वार्थ आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

तुमच्या प्रश्नात पगाराचा आकडा तीनदा आला आहे. क्लिनिकबद्दल प्रश्न एकच, तोही ‘विकावं का’ एवढाच. मला भीती वाटते ती इथे. माझ्या पाहण्यातली जी घरं वर्षा-दोन वर्षांत गाशा गुंडाळून परत गेली, त्यांतली बहुतेक नोकरीमुळे गेलेली नाहीत. नोकरी असलेल्याला सकाळी सातला जायला जागा असते, दुपारी कॅन्टीन असतं, इंग्रजी बोलणारे सहकारी असतात. बाकीचा देश मागे राहिलेल्या बाईच्या वाट्याला येतो. डॉक्टरची वेळ फोनवर घ्यायची, शाळेतल्या बाईंची चिठ्ठी वाचायची, खालच्या आजीबाई जिन्यात नक्की कशाबद्दल रागावल्या ते समजून घ्यायचं, हे सगळं तिने करायचं, आणि तेही भाषा नसताना.

तुम्हाला ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसाला इथे राहून नोकरी करायचा परवाना, मिळेल असं दिसतं. त्यासाठीची पगाराची किमान मर्यादा दरवर्षी बदलते, २०२५ साली ती ४८,३०० युरो होती, तुमचा आकडा वर आहे. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी जर्मनची ए-वन, म्हणजे सगळ्यांत पहिल्या पातळीची, परीक्षा द्यावी लागत नाही आणि इथे उतरल्यापासून नोकरी करायची परवानगी असते. एजंट हे मोठा फायदा म्हणून सांगतात. मला तो सापळा वाटतो. कायदा मागत नाही म्हणून कोणी शिकून येत नाही, आणि परवानगी आहे म्हणून सगळे गृहीत धरतात की नोकरी लागेल.

तुमच्या मिसेसच्या बाबतीत रस्ता असा आहे. दंतवैद्याचा व्यवसाय इथे परवान्याशिवाय करता येत नाही. आधी बी-टूपर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत जर्मन, मग दंतवैद्यकीच्या भाषेची वेगळी परीक्षा, जिची पातळी सी-वन, म्हणजे त्याहून वरची असते. तिथे पेशंटशी बोलायचं, टिपण लिहायचं आणि दुसऱ्या डॉक्टरला केस समजावून सांगायची. मग बीडीएसचा अभ्यासक्रम इथल्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतात. उणीव निघाली, आणि आपल्याकडच्या पदव्यांत ती बहुधा काढली जातेच, तर ज्ञानाची परीक्षा, प्रात्यक्षिकासकट. भाषेला वर्ष-दीड वर्ष जोर लावून द्यावं लागतं, पुढचं कागदपत्रांच्या वेगावर. मी तीन वर्षं धरायला सांगते. लवकर झालं तर आनंदच.

मधल्या काळात बऱ्याच जणी एखाद्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागतात. माझ्या ओळखीच्या एका मराठी दंतवैद्य बाईने ते दोन वर्षं केलं. दहा वर्षं स्वतःच्या खुर्चीशेजारी बसलेली बाई, आता स्वतःहून लहान डॉक्टरच्या हातात आरसा आणि प्रोब देत होती. ती मला म्हणाली होती, “पेशंट तोंड उघडतो तेव्हा मला सगळं कळतं. मिटून बोलायला लागला की मी अडाणी.” आज तिचं स्वतःचं प्रॅक्टिस आहे, पण त्या दोन वर्षांत ती घरी कशी होती ते तिच्या नवऱ्याला विचारा.

म्हणून क्लिनिक विकू नका, निदान पहिलं वर्षभर तरी. एखाद्या तरुण डॉक्टरला टक्केवारीवर चालवायला द्या. भाडं सुटलं तरी पुष्कळ झालं. पिंपरीत आपली खुर्ची अजून आहे हे माहीत असलेली बाई इथे हिमतीने शिकते. विकून आलेली बाई पहिल्या नापास निकालानंतर खचते, कारण मागे काही उरलेलं नसतं. अर्थात चालवायला देण्यात कटकट आहे, हिशेबावरून वाजतं, मशिन बिघडतं. ती कटकट घ्या.

आणि आत्ताच, ऑफरवर सही करायच्याही आधी, त्यांना पुण्यात मॅक्सम्युलर भवनात किंवा जिथे जमेल तिथे ए-वनला बसवा. तुमच्यासाठी नाही, त्यांच्यासाठी. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून विषयवार तासांसकट अभ्यासक्रम शिक्का मारून घ्यायला सांगा. इथे बसून तो मिळवताना लोकांचं वर्ष जातं. राज्य दंत परिषदेचं ‘गुड स्टँडिंग’ प्रमाणपत्र मात्र आत्ता काढू नका. ते ताजं मागतात, जुनं झालं की परत काढावं लागतं. कोणत्या अर्जावर, कुठल्या खिडकीवर मिळतं तेवढं विचारून ठेवा.

कागदांचं निघालंच आहे तर नावांबद्दल सांगते. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलतं, पदवीवर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, लग्नाच्या दाखल्यावर ग्रामसेवकाने तिसरंच स्पेलिंग केलेलं. भारतात कोणी अडवत नाही, इथला कारकून अडवतो. तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर-अक्षर जुळवा. आज ग्रामपंचायतीत दुरुस्ती एका चकरेत होईल, इथून भावाला पाच चकरा माराव्या लागतील.

आता पगार. ५८,००० मधून कर, पेन्शन, आरोग्य विमा, बेरोजगारी विमा वगैरे जाऊन, कुटुंब सोबत असेल आणि करवर्ग तीन (मुख्यतः एकाच्या कमाईवर चालणाऱ्या जोडप्यासाठीचा) घेतला तर महिन्याला ढोबळमानाने तीन हजार चारशेच्या आसपास हातात येतात. कुटुंब भारतात असेल तर करवर्ग एक, आणि त्याच पगारात साडेतीनशेच्या वर युरो कमी. मुलांचा भत्ता महिना अडीचशे युरोच्या थोडा वर आहे, तोही मुलगी इथे राहत असेल तरच. आरोग्य विमा सरकारी घेतलात तर कमाई नसलेली बायको आणि मुलगी त्यातच बसतात, वेगळा हप्ता नाही. घरभाडं हा खरा खड्डा. तीन खोल्यांचं घर म्हणजे आपलं टू बीएचके. स्टुटगार्टच्या आसपास हीटिंग, पाणी धरून चौदाशे ते अठराशे सहज जातात. अनामत निव्वळ भाड्याच्या तिपटीपर्यंत मागू शकतात.

आणि स्वयंपाकघर! हे कोणी सांगत नाही. भाड्याचं घर म्हणून दार उघडलं की पुष्कळदा स्वयंपाकघरात भिंतीतून बाहेर आलेले दोन पाण्याचे नळ, एक जाड वायर आणि जुन्या टाइल्सवर कपाटांच्या कडांचे डाग, एवढंच असतं. शेगडी नाही, सिंक नाही. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर उचलून घेऊन गेलेला असतो. मागच्या वर्षी सांगलीच्या एका जोडप्याला किल्ली दिली, तेव्हा ती मुलगी त्या वायरीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, “ताई, दूध कुठे उतवायचं?” दुधाचं पातेलं तिने पिशवीत घालून आणलं होतं. शेवटी माझ्या गाडीतली एक प्लेटची इलेक्ट्रिक शेगडी लावली आणि जमिनीवर दूध उतवलं. अनामत, पहिलं भाडं, स्वयंपाकघर, गाद्या, थंडीचे कपडे हे सगळं धरून मी लोकांना दहा हजार युरो हाताशी ठेवायला सांगते. कंपनी घर बदलण्याचा खर्च देते का ते सहीच्या आधी विचारा. विचारल्याने ऑफर जात नाही.

घरात राहायला आल्यापासून चौदा दिवसांत नगरपालिकेत नोंदणी करायची असते आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो. नोंदणी झाली की करक्रमांक पोस्टाने येतो. इथे गोम अशी, की पोस्टाच्या पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत नेतो. फ्लॅट नंबर लिहून भागत नाही, घरं नंबराने नाही, आडनावाने ओळखली जातात. पहिल्या दिवशी, सामान उघडायच्या आधी, चिकटपट्टीवर आडनाव लिहून पेटीला आणि बेलला चिकटवा. मिसेसच्या कागदांवर माहेरचं आडनाव असेल तर तेही.

श्वाबेन प्रांताची आणखी एक गंमत. इथे जिना झाडायची पाळी असते, तिला म्हणतात ‘केरवोखे’, म्हणजे शब्दशः केर काढायचा आठवडा. मराठी माणसाला हा शब्द शिकवावा लागत नाही. दाराला पाटी लटकली की तुमची पाळी. ती चुकवू नका. शेजाऱ्यांचं तुमच्याबद्दलचं मत तुमच्या जर्मनवरून ठरत नाही, त्या जिन्यावरून ठरतं. रविवारी ड्रिल मशिन लावू नका, हेही त्यातच आलं.

आधी एकट्याने जावं का? सगळे वडीलधारे हेच सुचवतात, ‘तू जा, बस्तान बसव, मग त्यांना ने.’ तीन-चार महिने ठीक आहेत. नोकरीचे पहिले सहा महिने कसोटीचे असतात, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर दोन्ही बाजूंना मोडता येतं. तोवर मुलीची शाळा हलवायची नाही असं म्हणणं मला समजतं. पण वर्षभर एकटे राहू नका. वर्षभरात तुमचे रस्ते, तुमचे मित्र, तुमची दुकानं ठरून जातात आणि मग बायको तुमच्या गावात पाहुणी म्हणून येते. तुम्ही रविवारची ट्रेन कशी पकडायची ते समजावता, ती ऐकते. दोघं एकत्र चुकलात तर निदान हसता तरी येतं.

मुलीची काळजी तुम्हाला वाटते तेवढी करू नका. पत्त्यावरून सरकारी शाळा ठरते, फी नाही, भाषेसाठी वेगळा वर्ग असतो. वर्षाभरात ती तुमच्यापेक्षा बरं बोलेल. पुढे काही वर्षांनी मराठी वाचायला नको म्हणेल, ती लढाई वेगळी आहे. त्याआधी एक सवय लावून घेऊ नका: दवाखान्यात, बँकेत दुभाषी म्हणून तिला पुढे करायची. आठ वर्षांच्या मुलीला आईच्या तपासणीचा निकाल सांगायला लावलेला मी पाहिला आहे. एक गोष्ट सांगून ठेवते, आजीला आत्ताच सांगा: इथल्या राज्यात उन्हाळ्याची सुट्टी जुलैअखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते, म्हणजे गणपती बऱ्याच वर्षी सापडतात. दिवाळी त्या सुट्टीत कधीच येत नाही.

आता आई-वडील. इथे मी सल्लागार राहत नाही, त्यामुळे जरा सांभाळून घ्या.

त्यांना आणता येईल का, तर फिरायला, १८० दिवसांत ९० दिवस, आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा काढून. त्या विम्यात जुन्या आजारांना सहसा जागा नसते. कायमचं आणायचं तर मार्च २०२४ पासून ज्यांना पहिल्यांदा कुशल कामगाराचा परवाना मिळतो त्यांच्यासाठी कायद्याने दार किलकिलं केलं आहे. पण आरोग्य विमा दाखवावा लागतो, आणि बायपास झालेल्या सत्तरीच्या माणसाला तो परवडेल अशा हप्त्यात मिळणं फार कठीण आहे. मिळाला तरी वडील इथे येऊन काय करतील? बाकावर बसून कोणाशी बोलतील? तेव्हा ते गावीच राहणार असं धरून चला.

माझे वडील २०१७ च्या जानेवारीत गेले. रात्री पावणेतीनला फोन आला. भावाने रडत रडत विचारलं, “ताई, थांबायचं का तुझ्यासाठी?” मी हिशेब करत राहिले. सकाळची ट्रेन फ्रँकफर्टला, तिथून मुंबई साडेआठ तास, मुंबईतून मिरज गाडीने आणखी आठ. सगळं जुळलं तरी दुसऱ्या दिवशीची दुपार. मला हो म्हणवेना आणि नाही म्हणवेना. फोनवर दोघंही गप्प. शेवटी काकांनी फोन घेतला आणि म्हणाले, “आम्ही करतो, तू सावकाश ये.” मी रक्षाविसर्जनाला पोचले. पायरीवर चप्पल काढताना भावाने माझ्या हातातली बॅग घेतली आणि एवढंच म्हणाला, “तुला विचारायला नको होतं मी.”

तो चुकला नव्हता. हे आधी बोलायचं असतं ते आम्ही बोललो नव्हतो. तुम्ही बोला. शक्य असेल तर वडिलांसमोरच, कारण त्या पिढीला या विषयाचं आपल्याइतकं भय नसतं. ‘माझी वाट बघायची नाही’ किंवा ‘बघायची’, जे काही असेल ते भावाला जाण्याआधी सांगून ठेवा. इथे आई-वडील गेल्यावर कंपनी साधारण दोन दिवसांची रजा देते, बाकी तुमच्या वार्षिक रजेतून. म्हणून दरवर्षी पाच-सहा दिवस शिल्लक ठेवायचे, आणि पासपोर्टची, परवान्याची मुदत संपत आली की लगेच नूतनीकरणाच्या मागे लागायचं.

आणि भाऊ. तुमच्या प्रश्नात तो ‘भावाजवळ राहतात’ एवढ्यातच आला आहे. उद्यापासून पथ्याचं जेवण, कोल्हापूरला तपासणीला नेणं, रात्री दम लागला की गाडी काढणं हे त्याच्यावर आणि त्याच्या बायकोवर आहे. तुम्ही पैसे पाठवाल, आणि गावात नाव तुमचं होईल, कारण पाठवणारा दिसतो, उठून पाणी देणारा दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी हक्कसोडपत्राचा विषय निघेल. निघू द्या, पण त्याआधी तुम्हीच काढा. जमीन वडिलांच्या नावावर आहे तोवर, सगळे एका ओसरीवर बसलेले असताना. जो सांभाळतो त्याला जास्त द्यायचं असेल तर तुम्ही सुचवलेलं शोभतं, त्याने मागितलेलं टोचतं.

जमिनीचा कायदाही माहीत असू द्या. परदेशी राहणारा म्हणून तुमची नोंद झाली की नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची ठेवता येते, वारसाने आलेली मिळते. ‘पैसे साठवून गावी चार एकर घेऊ’ हे स्वप्न असेल तर ते जाण्याआधी तपासा. बँकेचं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं रुपयांतलं खातं, करून घ्यावं लागतं, चालू असलेलं पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालतं. भावाच्या किंवा मिसेसच्या वडिलांच्या नावे मर्यादित कामापुरतं कुलमुखत्यारपत्र निघायच्या आधी दुय्यम निबंधकाकडे नोंदवून टाका. इथून करायचं झालं तर म्युनिकच्या वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून पाठवायचं, आणि कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरायचं. लोक हे शेवटचं विसरतात.

रोज फोन करू, असं सगळेच म्हणतात. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक आहे, हिवाळ्यात साडेचार. तुम्ही संध्याकाळी सातला घरी पोचाल तेव्हा गावी साडेअकरा, दिवे मालवलेले. डिसेंबरात इथे साडेचारला अंधार पडतो, आणि नेमकं तेव्हाच फोन करणं बंद पडत जातं. म्हणून संध्याकाळवर ठेवू नका. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत करा, तेव्हा गावी चहा चाललेला असतो. आईला काही विचारायची गरज नसते, कपबशीचा आवाज ऐकू येतो.

जावं का, याचं माझं उत्तर: मिसेसनी ए-वनचे दोन महिने वर्गात काढल्यावर त्यांना विचारा, आणि त्या जे म्हणतील ते. तोवर कंपनीला कळवा की भारतातली नोटीस तीन महिन्यांची आहे, रुजू व्हायची तारीख एप्रिलची द्या. इथल्या कंपन्यांना तीन महिन्यांच्या नोटिशीची सवय आहे, देतात. नोव्हेंबरात येऊ नका. पहिलं वर्ष उजेडात सुरू झालेलं बरं, आणि एप्रिलमध्ये खालच्या आजीबाई बागेत असतात, ओळख लवकर होते.